हाकेला ओ देणारा छंद

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आठ-नऊ किलोमीटर गेले की नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या कडेला सुरूचे बन आणि समोर लांबवर पसरलेला किनारा, एवढे वर्णन मुंबई-पुण्याच्या पर्यटकाला पुरेसे असते. हौशी रेडिओचा नाद लागलेल्या माणसाला मात्र हाच किनारा निराळा दिसतो. सुरूची दोन उंच झाडे म्हणजे तार ताणण्यासाठी आयते खांब. शहरातील असंख्य विद्युत उपकरणांमुळे रेडिओत होणारी खरखर येथे कमी. आणि पश्चिमेला पार अरबस्तान-आफ्रिकेपर्यंत पसरलेले खारे पाणी म्हणजे रेडिओलहरींसाठी निसर्गाने घातलेल्या पायघड्याच. मोटारीची एक बॅटरी, पाठीवरच्या पिशवीत मावेल एवढा संच आणि सुमारे २० मीटर तार एवढ्या सामग्रीवर अशा जागेवरून हजारो किलोमीटर दूरच्या अनोळखी माणसाशी संवाद साधता येतो. मध्ये ना कोणती कंपनी, ना मनोरा, ना केबल.

हातातील मोबाइलवरून क्षणात अमेरिकेशी बोलता येत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे एक उत्तर अलिबागच्याच किनाऱ्यावर मिळते. बाजारात ताजी मासळी मिळत असतानाही खडकावर तासन्तास गळ टाकून बसणारी माणसे असतात. मासा हे निमित्त असते. खरा आनंद भरती-ओहोटी ओळखण्यात, वाट पाहण्यात आणि अवचित लागलेल्या ओढीत असतो. हौशी रेडिओचेही तसेच आहे. दुसरे उत्तर अधिक गंभीर असून त्याचा संबंध याच किनाऱ्यावर २०२० मध्ये आलेल्या वादळाशी आहे. त्याकडे पुढे वळू.

हॅम म्हणजे कोण?

हौशी रेडिओचालकाला जगभर 'हॅम' म्हणतात. हा शब्द मुळात अनाडी तारबाबूंना उद्देशून कुत्सितपणे वापरला जाई. हौशी मंडळींनी तो अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. हॅम होण्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्यावर परवाना आणि त्याबरोबर एक संकेतनाम मिळते. भारतीय संकेतनामांची सुरुवात 'व्हीयू' या अक्षरांनी होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हे स्वतः परवानाधारक हॅम होते आणि त्यांचे संकेतनाम 'व्हीयू२आरजी' असे होते. या लहरींवर पदाला वा पैशाला स्थान नाही. समोरचा माणूस न्यायाधीश आहे की रिक्षाचालक, हे संकेतनामावरून कळत नाही आणि कोणी ते विचारतही नाही.

या सेवेचे नियम कडक आहेत. तिचा व्यापारासाठी उपयोग करता येत नाही. गाणी वाजवता येत नाहीत, गुप्त सांकेतिक भाषा चालत नाही आणि राजकीय वा धार्मिक प्रचारालाही मज्जाव असतो. उरते ते निखळ संभाषण, प्रयोग आणि प्रसंगी सेवा. 'सर्वांना हाक' या अर्थाची 'सीक्यू' ही दोन अक्षरे उच्चारायची, आपले संकेतनाम सांगायचे आणि कान टवकारून ऐकत राहायचे, ही या छंदाची मूळ कृती. हाकेला कोण आणि कोठून ओ देईल, हे आधी कधीच ठाऊक नसते.

आज ज्याला आपण लघुलहरी म्हणतो, त्यांचे महत्त्व प्रथम ओळखले ते या हौशी मंडळींनीच. १९१२ मध्ये अमेरिकेने कायदा करून हौशी लोकांना २०० मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरींवर ढकलले. कारण दूरच्या संदेशवहनासाठी त्या निरुपयोगी आहेत, अशी तज्ज्ञांची समजूत होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लिऑन देलॉय आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरच्या लहरींवर अटलांटिकच्या दोन तीरांवरून परस्परांशी संवाद साधला आणि ती समजूत मोडीत निघाली. १९२५ मध्ये पॅरिसला हौशी रेडिओचालकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या स्मरणार्थ १८ एप्रिल हा दिवस जगभर हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो.

आकाशातील आरसा आणि अलिबागची वेधशाळा

पृथ्वी गोल असताना सरळ रेषेत जाणारी लहर क्षितिजापलीकडे पोचते कशी? जमिनीपासून साधारण ६० ते ४०० किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे हवेचे विद्युतभारित कण झालेले असतात. या थरांना आयनांबर म्हणतात. लघुलहरी त्यावर आदळून आरशावरून परतावे तशा पृथ्वीकडे वळतात, तेथून पुन्हा वर जातात आणि अशा उड्या घेत अर्धे जग ओलांडतात. हा आरसा मात्र स्थिर नसतो. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसा काही शे किलोमीटरपर्यंतच बोलणे होते. सूर्य मावळून खालचा शोषक थर विरला की त्याच पट्ट्यावर परदेशी आवाज उमटू लागतात. १४ मेगाहर्ट्झचा पट्टा दिवसा आणि संध्याकाळी दूरदेशी जातो. कोणत्या वेळी कोणता पट्टा कोणत्या दिशेला 'उघडेल', याचा अंदाज बांधणे ही अनेकांच्या लेखी या छंदातील सर्वांत रंजक बाब आहे.

या आरशाची प्रकृती बिघडवणारी चुंबकीय वादळे मोजण्याचे काम नागावच्या शेजारी, अलिबागलाच शतकाहून अधिक काळ चालू आहे, हा एक सुरेख योगायोग. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे संवेदनशील उपकरणांची मोजमापे बिघडतील हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. कुलाब्याला १८५९ च्या सप्टेंबरमध्ये टिपल्या गेलेल्या प्रचंड सौरवादळाच्या नोंदीचा जगभरचे संशोधक आजही अभ्यास करतात. १० व ११ मे २०२४ रोजी दोन दशकांतील सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झाले. लडाखमधील हानले येथे आकाश तांबूस उजळलेले दिसले आणि त्याच सुमारास लघुलहरींवरील दळणवळण ठिकठिकाणी विस्कळीत झाले. ज्या कारणासाठी वेधशाळा मुंबई सोडून अलिबागला आली, साधारण त्याच कारणासाठी, म्हणजे विजेच्या गोंगाटापासून दूर जाण्यासाठी, हॅम मंडळीही किनारा गाठतात.

समुद्राची आणखी एक करामत सांगण्याजोगी आहे. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत अरबस्तानाकडून येणारी कोरडी, उष्ण हवा समुद्रावरच्या दमट हवेवर पसरते. या दोन थरांमध्ये एक अदृश्य बोगदा तयार होतो आणि एरवी क्षितिजापाशी थांबणाऱ्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी त्यातून फार दूरवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला बसवलेल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर १००० ते १७०० मैलांवरच्या अरबस्तानातील ठिकाणांचे प्रतिध्वनी वारंवार उमटत, ही घटना या विषयावरील ग्रंथांत नेहमी उद्धृत होते.

एक छंद, अनेक वाटा

'हौशी रेडिओ' हे नाव एकवचनी असले तरी प्रत्यक्षात हा छंदांचा समूहच आहे. एकाच गावातील दोन हॅम वर्षानुवर्षे परवाना बाळगूनही एकमेकांपेक्षा अगदी वेगळे काही करत असतात.

सर्वांत साधी वाट गप्पांची. सकाळच्या वेळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर देशाच्या निरनिराळ्या भागांतील मंडळी ठरल्या वेळी जमतात. हजेरी घेतली जाते, हवामान सांगितले जाते, नव्या अँटेनाची चौकशी होते, आजारी सदस्याची विचारपूस होते. निवृत्त, एकटे राहणारे किंवा अंथरुणाला खिळलेले कित्येक जण या कट्ट्यावर रोज येतात. दृष्टिहीनांसाठी तर हा छंद विशेष आहे. कारण येथे सर्वच जण एकमेकांना केवळ आवाजावरून ओळखतात.

दुसरी वाट दूरदेशांची. जगातील देश आणि दूरची बेटे मिळून ३४० प्रदेशांची यादी हौशी जगात प्रमाण मानली जाते. त्यांपैकी जास्तीत जास्त ठिकाणी संपर्क साधण्यासाठी माणसे पहाटे उठतात, रात्री जागतात. संपर्काचा पुरावा म्हणून परस्परांना पाठवण्याची 'क्यूएसएल' पत्रे ही त्यांची खरी दौलत. ज्यांनी एकेकाळी रेडिओ सिलोनला पत्रे लिहिली आहेत, त्यांना पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यातली ही गोडी समजावून सांगण्याची गरज नाही. बेटे, दीपगृहे आणि डोंगरमाथे यांचे तर स्वतंत्र उपक्रमच आहेत. दर ऑगस्टमध्ये एका शनिवार-रविवारी जगभरचे हॅम दीपगृहांजवळून प्रक्षेपण करतात. नागावच्या उत्तरेला, थळजवळच्या समुद्रातील खांदेरीवरच्या दीपगृहाकडे पाहिले की या उपक्रमासाठी कोकण किनारा किती अनुकूल आहे हे ध्यानात येते.

ज्यांना चुरस आवडते, त्यांच्यासाठी स्पर्धा असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवडाअखेरीस होणाऱ्या जागतिक स्पर्धेत ४८ तासांत शक्य तितके संपर्क साधायचे असतात. घसा बसतो, डोळे तारवटतात, पण पुढच्या वर्षी माणूस पुन्हा हजर असतो.

चौथी वाट मोर्सची. जहाजांनी आणि तार खात्यांनी 'कडकट्ट'ची ही भाषा सोडून दिली. हॅम मंडळींनी ती जिवंत ठेवली. मानवी आवाज खरखरीत बुडून जातो तेथेही मोर्सचा बारीक सूर कानाला सापडतो. त्यामुळे पाच वॅट वा त्याहून कमी शक्तीवर, म्हणजे घरातील एका छोट्या एलईडी दिव्याइतक्या विजेवर, खंड ओलांडण्याचा हट्ट धरणाऱ्यांची ती लाडकी पद्धत आहे. संगणकाने हा खेळ आणखी पुढे नेला. भौतिकशास्त्राचे १९९३ चे नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर हे स्वतः हॅम आहेत. त्यांनी स्टीव्हन फ्रँक यांच्यासह २०१७ मध्ये सादर केलेल्या 'एफटी८' या पद्धतीत माणसाच्या कानाला मुळीच न जाणवणारे संकेत १५-१५ सेकंदांच्या पाळ्यांतून संगणक वाचून दाखवतो.

हातात सोल्डरिंगची कावी धरणाऱ्यांची जात आणखी निराळी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग हुडकायचे, जुन्या रेडिओची कॉइल काढायची आणि स्वतःचा संच जुळवायचा. या बाबतीत भारताने जगाला एक देणगी दिली आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी भारतीय बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त भागांतून बनवता येईल अशा 'बिटएक्स' या संचाचा आराखडा दोन दशकांपूर्वी सर्वांसाठी खुला केला. पुढे अनेक देशांतील हौशी मंडळींनी त्यावरून संच उभारले. महागडा परदेशी संच घेणे न परवडणाऱ्यासाठी ही वाट अजूनही खुली आहे.

काहींची नजर त्याहून वर असते. डिसेंबर १९६१ मध्येच हौशी मंडळींनी बनवलेला पहिला उपग्रह अंतराळात गेला. भारताने ५ मे २००५ रोजी 'हॅमसॅट' सोडला आणि २०१४ पर्यंत तो जगभरच्या हौशी रेडिओचालकांच्या उपयोगी पडला. २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या एका भूस्थिर उपग्रहावर हौशी सेवेसाठी साधने बसवलेली असून त्याच्या टप्प्यात भारतही येतो. नागावच्या वाळूत उभे राहून छोटी तबकडी रोखायची तर ती पश्चिमेला, समुद्रावरच्या आकाशाकडेच रोखावी लागेल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही हॅम रेडिओ आहे. जुलै २०२५ मध्ये 'ॲक्झिअम-४' मोहिमेतील ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांनी त्यावरून बेंगळुरू येथे जमलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. काही जण तर चंद्रावर लहरी आपटवून अडीच सेकंदांनी परतणारा आपलाच आवाज ऐकतात.

आणि ज्यांना एका जागी बसवत नाही, त्यांच्यासाठी 'कोल्ह्याची शिकार'. कोणीतरी एक छोटा ट्रान्समीटर झाडीत लपवायचा आणि इतरांनी दिशादर्शक अँटेना फिरवत तो शोधून काढायचा. वाड्यांमधील पाणंदी आणि सुरूची बने या खेळासाठी जणू मुद्दाम आखलेली. शाळकरी मुलांना रेडिओची गोडी लावायची तर याहून सोपा मार्ग नाही.

खेळ नव्हे, तेव्हा

लपलेला ट्रान्समीटर शोधण्याचा हाच प्रकार १९४२ मध्ये मुंबईत जिवावर बेतणारा होता. महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी हौशी परवाने थांबवून यंत्रसामग्री जमा करण्याचे हुकूम काढले होते. 'चले जाव'च्या ठरावानंतर वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ रोजी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. त्याच्या तांत्रिक उभारणीत हौशी रेडिओतील जाणकार नरिमन प्रिंटर यांचे ज्ञान उपयोगी पडले. त्यांची ४२.३४ मीटरची लहर हॅम मंडळींच्या आजच्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येते. पोलिसांच्या शोधक गाड्यांना चुकवण्यासाठी केंद्र वारंवार जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि उषा मेहतांना कारावास झाला. छंद म्हणून शिकलेली विद्या प्रसंगी कोठवर जाऊ शकते, याचे मुंबईच्या इतिहासातील हे ठळक उदाहरण.

स्वतंत्र भारतात हीच विद्या आपत्तीच्या वेळी कामी आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आणि जानेवारी २००१ मध्ये भूज हादरल्यानंतर हौशी रेडिओचालक संच घेऊन तेथे पोचले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅमचे पथक एका छंदी मोहिमेवर अंदमानात होते. अनेक वर्षांच्या खंडानंतर तेथून प्रक्षेपण होत असल्याने जगभरचे हॅम त्यांच्या संपर्कासाठी धडपडत होते. २६ तारखेच्या सकाळी त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले आणि ज्या संचावरून आदल्या रात्रीपर्यंत क्यूएसएल पत्रांसाठी संपर्क चालले होते, त्याच संचावरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली जाऊ लागली. पश्चिम बंगालमधील हौशी रेडिओचालक गंगासागरच्या मेळ्यात हरवलेल्या वृद्धांची घरे शोधून देतात, तेही याच जाळ्याच्या बळावर.

रायगडच्या किनाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यांसह या किनाऱ्यावर धडकले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, विजेचे खांब कोलमडले आणि मोबाइल यंत्रणा ठप्प झाली. कित्येक गावांत वीज यायला अनेक दिवस लागले. मुंबईतील चाकरमान्यांना गावाकडच्या आईवडिलांचा आवाज ऐकण्यासाठी दिवसच्या दिवस तिष्ठावे लागले. मोबाइल हाती असला तरी तो जवळच्या मनोऱ्यापर्यंतच पोचतो. पुढचे सारे वीज, केबल आणि डिझेल यांवर अवलंबून असते. बॅटरीवर चालणारा संच आणि झाडाला बांधलेली तार यांना या साखळीची गरज नसते.

येथेच एक गैरसमज दूर करायला हवा. 'मग प्रत्येक तहसील कचेरीत एकेक संच ठेवला की झाले,' असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संच विकत घेता येतो, तो चालवणारा कान विकत मिळत नाही. ७ मेगाहर्ट्झवर दुपारी मुंबई ऐकू येईल की नाही, पडलेल्या झाडांतून तार कशी ताणायची, खरखरीतून अर्धवट आलेले नाव कसे उतरवून घ्यायचे आणि एकाच वेळी दहा जण बोलू लागले तर शिस्त कशी लावायची, हे वर्षानुवर्षांच्या सरावानेच अंगी मुरते. तो सराव होतो सकाळच्या गप्पांत, ४८ तासांच्या स्पर्धांत, दीपगृहांच्या सहलींत आणि कोल्ह्याच्या शिकारीत. वरवर निरुद्योगी वाटणारे हे खेळ म्हणजेच संकटाच्या दिवसाची तालीम होय. छंद मेला, तर कपाटातला संच नुसता धूळ खात राहील.

परवाना कसा मिळवावा?

केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा हा परवाना देते. अर्ज 'सरल संचार' या संकेतस्थळावरून करता येतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली कोणीही व्यक्ती परीक्षेला बसू शकते. पदवीची अट नाही. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि रेडिओचे नियम असे प्रश्नपत्रिकेचे दोन भाग असतात. प्रमाणपत्राच्या 'मर्यादित' आणि 'सर्वसाधारण' अशा दोन श्रेणी असून नवशिक्याने पहिलीपासून सुरुवात करणे सोयीचे. हैदराबादची राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करते आणि मोठ्या शहरांतील हौशी मंडळे नव्यांना तयारीसाठी मदत करतात.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ऑनलाइन बाजारातील स्वस्त वॉकीटॉकी घेऊन परवान्याशिवाय बोलू लागणे हा कायद्याने गुन्हा आहे. अशा संचांच्या बेकायदा विक्रीवरून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसाही बजावल्या. परवान्यात नोंदवलेल्या जागेबाहेर, विशेषतः संवेदनशील अशा किनारपट्टीवर, केंद्र लावायचे तर त्यासंबंधीचे नियम पाहून आणि स्थानिक पोलिसांना कल्पना देऊनच लावावे.

परवाना हाती येईपर्यंत ऐकण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ-ग्राहक इंटरनेटवरून कोणालाही घरबसल्या फिरवता येतो. एखाद्या संध्याकाळी त्यावर ७ किंवा १४ मेगाहर्ट्झचा पट्टा लावून पाहावा. सुरुवातीला नुसती खरखर आणि शिट्ट्या ऐकू येतील. थोडा धीर धरला की त्यातून एक आवाज वर येईल, आपले संकेतनाम सावकाश उच्चारेल आणि 'सर्वांना हाक' देऊन थांबेल. त्या स्तब्धतेत आपणही ओ द्यावी असे ज्याला वाटेल, त्याने परीक्षेचा अर्ज भरायला हरकत नाही.